न्यूर्नबर्गला तीन रात्री: हॉटेल निवडण्यापासून किल्ल्यावरच्या विहिरीपर्यंत

आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहतो. दोन खोल्यांचं घर, त्यात दोन मुलं. उन्हाळ्यात पुण्याहून, नाशिकहून कुणी येणार म्हटलं की आनंद होतो आणि पाठोपाठ प्रश्न पडतो, यांना झोपवायचं कुठे? मग पाहुण्यांची सोय शेजारच्या न्यूर्नबर्गला हॉटेलात. रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटं. सासू-सासरे, मावशी, नवऱ्याचे कॉलेजचे मित्र अशा बऱ्याच जणांना तिथे उतरवून, फिरवून आणि दोन-तीनदा नको त्या हॉटेलात अडकवून जे शिकले ते इथे लिहिते आहे.

आपल्याकडच्या टूरच्या बसगाड्या न्यूर्नबर्गला दोन तास देतात. चौकात उतरायचं, कारंज्यापाशी फोटो, सॉसेज, पुन्हा बस. हेच ते शहर, ज्याचं नाव शाळेत ‘न्यूरेंबर्ग खटले’ म्हणून वाचलेलं असतं, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. माझं ठाम मत, इथे तीन रात्री काढाव्यात, आणि हॉटेल जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत किंवा तिला लागून घ्यावं.

तारखा आधी, हॉटेल नंतर

न्यूर्नबर्ग हे प्रदर्शनांचं शहर आहे. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला जगभरातले खेळण्यांचे व्यापारी इथे जमतात, तेव्हा साध्या खोलीचा भाव दुप्पट-तिप्पट होतो. जूनच्या सुरुवातीला रॉकसंगीताचा मोठा महोत्सव असतो, तेव्हाही तेच. नाताळचा बाजार ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवाराआधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो. तो बघायचाच असेल तर मधल्या वारी या. शनिवारी संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नसते. मला विचाराल तर मे महिना किंवा सप्टेंबर. मे महिन्यात पांढऱ्या शतावरीचा (ॲस्परॅगसचा) हंगाम असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाचंही बरं चालतं.

वारही बघा. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, खटल्याचं सभागृह मंगळवारी बंद, आणि रविवारी दुकानं बंद. म्हणून बुधवारी पोचून शनिवारी निघणं सगळ्यात सुटसुटीत.

व्हिसासाठी हॉटेलचं आरक्षण लागतं, तेव्हा सुरुवातीला फुकट रद्द करता येईल असंच घ्या. आरक्षणावर सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच हवीत. ‘फॅमिली रूम, ४ माणसं’ एवढंच लिहिलेलं असेल तर हॉटेलला मेल करून नावं घालून घ्या. शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो आहे, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी फेब्रुवारीतच हालचाल करा, कारण अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम आहे.

राहायचं कुठे

जुन्या शहराचे दोन भाग आहेत आणि मधून पेग्नित्स नदी वाहते. दक्षिणेचा भाग लोरेन्त्स चर्चचा, उत्तरेचा जेबाल्ड चर्चचा. दक्षिण भाग सपाट, दुकानांचा आणि स्टेशनजवळचा. उत्तर भाग किल्ल्याकडे चढत जातो, जास्त देखणा आहे आणि रात्री शांत असतो.

ज्येष्ठ मंडळी आणि मोठ्या बॅगा बरोबर असतील तर लोरेन्त्स बाजूला, क्योनिगस्टोर ते लोरेन्त्स चर्च या पट्ट्यात हॉटेल घ्या. मुख्य स्टेशनातून भुयारी रस्त्याने बाहेर पडलं की समोरच तटबंदीचा जाडजूड गोल बुरूज दिसतो, तेच क्योनिगस्टोर. तिथून पाच-दहा मिनिटांत खोलीवर. दोघंच असाल, पाठीवर सॅक असेल, तर बिनधास्त जेबाल्ड बाजूला जा. तिकडे रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत. बॅगेची चाकं त्यावर जो खडखडाट करतात तो ऐकून सगळी गल्ली खिडकीत येते.

प्रदर्शनाच्या दिवसांत भाव परवडला नाही तर शेजारचं फ्युर्ट बघा. मेट्रोची यू-१ लाईन थेट जाते आणि हॉटेलं स्वस्त असतात.

आरक्षण करताना तारे मोजण्यापेक्षा पुढच्या गोष्टी तपासा. पहिली, लिफ्ट. जुन्या इमारतीत ती नसू शकते, आणि जर्मनीतला पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा. सासऱ्यांना एकदा अशाच एका हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. फोटोत लाकडी जिना फार सुंदर दिसत होता. तो रोज चार वेळा चढायचा आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतर मी ‘आउफत्सुग’, म्हणजे लिफ्ट, हा शब्द हॉटेलच्या पानावर शोधल्याशिवाय पैसे भरत नाही.

दुसरी, एसी. अनेक हॉटेलांत नसतो, पंखाही नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांवर गेला की वरच्या मजल्यावरची छताखालची खोली भट्टी होते. त्या दोन महिन्यांत एसी लिहिलेला असेल तरच घ्या.

तिसरी, नाश्ता. माणशी पंधरा-वीस युरो लावतात. शाकाहारी माणूस ब्रेड, चीज, दही, फळं आणि म्यूस्लीवर तेवढं वसूल करतो का, हा प्रश्न घरातच सोडवा. कोपऱ्यावरच्या बेकरीत कॉफी आणि ताजा ब्रेत्सेल (वेटोळ्याचा खारा पाव) पाच-सहा युरोंत होतो. उलट सकाळी औषधं घेण्याआधी पोटभर खावं लागत असेल तर हॉटेलचाच नाश्ता बरा.

पोचायचं कसं

मुंबईहून फ्रँकफर्ट आणि म्युनिक दोन्हीकडे थेट विमानं आहेत. फ्रँकफर्ट विमानतळाखालूनच वेगवान आयसीई गाडी मिळते, न्यूर्नबर्गला साधारण अडीच तास. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, पण स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं आणि गाडी सुटली की तिकीट वाया. म्हणून विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत तीन तास तरी ठेवा, नाहीतर कुठल्याही गाडीला चालणारं महाग तिकीट घ्या. जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं. तिकीट आहे म्हणजे सीट आहे असं इथे नसतं.

म्युनिकला उतरलात तर आधी विमानतळावरून शहरातलं मुख्य स्टेशन गाठा, तिथून आयसीईने तासाभराचं अंतर. घाई नसेल तर इंगोलश्टाट मार्गे जाणारी प्रादेशिक एक्सप्रेस घ्या. ती त्याच वेगवान रुळांवरून धावते, पावणेदोन तासांत पोचवते आणि तिला बायर्न-तिकीट चालतं. हे एका दिवसाचं तिकीट पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं. बव्हेरिया (जर्मनमध्ये ‘बायर्न’) या इथल्या राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांना आणि शहरातल्या मेट्रो-ट्रामलाही ते चालतं. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी नऊनंतरच, आणि आयसीईत अजिबात नाही.

शहरात मेट्रो स्टेशनवर दरवाजे, फाटकं काही नसतात. त्यामुळे ‘इथे फुकट आहे की काय’ असं वाटतं. फुकट नाही, तपासनीस साध्या कपड्यांत येतो आणि ६० युरो दंड घेतो. दिवसाचं तिकीट काढा. शनिवारी काढलेलं रविवारीही चालतं. मुलं बरोबर असतील तर यू-२ किंवा यू-३ मध्ये पुढच्या डब्यात चढा. या गाड्यांना चालक नाही, त्यामुळे पुढच्या काचेतून बोगदा अंगावर येताना दिसतो. माझ्या भाच्याला सगळ्या जर्मनीतलं एवढंच आठवतं.

खोलीत शिरल्यावर

चेक-इन सहसा दुपारी तीननंतर. आधी पोचलात तर बॅगा ठेवून घेतात. परदेशी पाहुण्यांना एक फॉर्म भरून सही करावी लागते, त्यासाठी मूळ पासपोर्ट हाताशी ठेवा.

डबल बेडवर दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं दिसतील. हॉटेलने चूक केलेली नाही, इथली पद्धतच ती. खिडकीची मूठ आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते, वर केली की वरून तिरपी कलते. मूठ अर्धवट ठेवून ओढलीत तर खिडकी एका बिजागरीवर लटकल्यासारखी होते आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका, दाबून बंद करा आणि पुन्हा नीट फिरवा. हीटरच्या गोल खटक्यावरचा ३ म्हणजे साधारण २० अंश. सासूबाई रात्री तो ५ वर नेतात आणि मग खिडकी उघडतात.

बादली-मग नाही, जेट स्प्रे नाही. प्लास्टिकचा एक मग बॅगेत टाका, तीन युरोंचा मग शोधत इथे दुपार घालवू नका. मोबाईलच्या चार्जरची दोन गोल काड्यांची पिन इथे चालते, तीन काड्यांची जाड पिन चालत नाही. किटली प्रत्येक हॉटेलात नसते, चहाबाज माणसाने आधी विचारावं. नळाचं पाणी खुशाल प्या. रात्री दहानंतर कॉरिडॉरमध्ये गप्पांचा फड नको, शेजारचा पाहुणा खरंच दार उघडून सांगतो.

पहिला दिवस: वरून खाली

सगळी मार्गदर्शक पुस्तकं स्टेशनापासून चालत किल्ल्यावर चढवतात. मी उलट करते. मेट्रोने प्लेरर, तिथून चार नंबरची ट्राम, थांबा टियरगेर्टनरटोर. इथून किल्ला अगदी जवळ, थोडासाच चढ. मग दिवसभर उतारच उतार, गुडघे दुवा देतात.

कायझरबुर्ग हा सम्राटांचा किल्ला. पवित्र रोमन साम्राज्याला कायमची राजधानी नव्हती, सम्राट फिरत राहायचा आणि इथे मुक्काम करायचा. राज्याभिषेकाचा मुकुट, तलवार वगैरे १४२४ ते १७९६ या शहराच्या ताब्यात होतं. आज ते व्हिएन्नात आहे. दालनं बघा, पण खरी मजा खोल विहिरीत. एका छोट्या घरात ही विहीर आहे, सुमारे ५० मीटर खोल, अख्ख्या वालुकाश्मातून खोदलेली. गाईड भांड्यातून पाणी ओततो आणि सगळ्यांना गप्प करतो. एक... दोन... तीन... आणि मग तळातून चपराक बसल्यासारखा आवाज. मग तो मेणबत्त्यांचं तबक दोरीने खाली सोडतो. उजेडाचा ठिपका लहान लहान होत जातो आणि भिंतीवरचे छिन्नीचे घाव दिसतात. सासरे सिंहगडावर वाढलेल्या पिढीतले. ते म्हणाले, ‘आपण कातळात टाकं खोदून पावसाचं पाणी धरलं असतं, हे लोक थेट पाताळात गेले.’

उतरताना वेशीपाशी लाकडी पट्ट्यांचं उंच घर दिसेल. चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर इथे १५०९ पासून १५२८ मध्ये मरेपर्यंत राहिला. आत लाकूडठसा आणि ताम्रपट छपाई कशी करायचे ते दाखवतात. संध्याकाळी समोरच्या उतरत्या चौकात लोक फरसबंदीवरच बसकण मारतात. तुम्हीही बसा, कुणी उठवत नाही.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे बाकीचं शहर वेगळं दिसेल. २ जानेवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात जुन्या शहराचा सुमारे नव्वद टक्के भाग पडला. तुम्ही ज्यांना मध्ययुगीन घरं समजून फोटो काढताय त्यांतली बहुतेक १९५० च्या आसपास, जुन्याच रस्त्यांच्या आखणीवर उभी केलेली आहेत. खरं जुनं घर ओळखायचा खेळ मुलांबरोबर खेळा. वाकडं लाकूड, बसलेली चौकट, पातळी सोडलेल्या खिडक्या. ड्यूररचं घर त्या आगीतून वाचलेल्या मोजक्यांपैकी.

दुपारी बाराला मुख्य चौकात, म्हणजे हाउप्टमार्क्टवर, पोचायलाच हवं. फ्राउएनकिर्खे या चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ चं घड्याळ आहे. बाराचे टोले पडले की सम्राट निवडणारे सात मानकरी बाहेर येतात आणि सम्राट कार्ल चौथा याच्याभोवती तीन फेऱ्या मारतात. सम्राट कुणी आणि कसा निवडायचा हे ठरवणाऱ्या १३५६ च्या फर्मानाची ही आठवण. गर्दी टाळ्या वाजवते आणि पांगते. पण याच कार्लने १३४९ मध्ये इथली यहुदी वस्ती पाडायला परवानगी दिली. पाचशेहून जास्त यहुदी मारले गेले, वस्तीच्या जागी हा चौक झाला, आणि सिनेगॉगच्या जागी हे चर्च. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी आता वाजवत नाही.

चौकाच्या कोपऱ्यात शोनर ब्रुनन हे सोनेरी मनोऱ्यासारखं कारंजं आहे. त्याच्या जाळीतली पिवळी कडी फिरवली की इच्छा पुरी होते म्हणून रांग लागते. इथली माणसं म्हणतात, खरी कडी ती नव्हेच, दुसऱ्या बाजूची काळी लोखंडी. दोन्ही फिरवा, वेळ लागत नाही.

जेवण, आणि शाकाहाऱ्यांची शोधाशोध

न्यूर्नबर्गचं सॉसेज बोटाएवढं, सात ते नऊ सेंटिमीटर. ते डुकराच्या मांसाचंच असतं, हे बरोबरच्यांना आधी सांगा. गाड्यावर ‘द्राय इम वेग्ला’ म्हटलं की पावात तीन घालून देतात. बसून खायचं तर सहा, आठ, दहा, बारा अशा हिशेबाने मागवा.

शाकाहारी माणसाची फसगत मांसाच्या पदार्थांत होत नाही, भाजीत होते. साउअरक्राउटमध्ये, म्हणजे आंबवलेल्या कोबीत, चरबी, बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी, बटाट्याच्या गोळ्यांवर ओतलेला रस्सा भाजलेल्या डुकराचा. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ म्हणजे मांस नको, डुकराची चरबीही नको, हे पाठ करा. केझश्पेत्सले, म्हणजे चीज घातलेल्या छोट्या नूडल्स, मिळतात, त्यात अंडं असतं. शतावरीबरोबर हॅम नको हे वेगळं सांगा. मावशीसारख्या काटेकोर मंडळींसाठी तुर्की फलाफल आणि भारतीय रेस्टॉरंटं स्टेशनच्या आसपास आहेतच.

बिल मागितल्यावर वेटर विचारतो, ‘त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?’ म्हणजे एकत्र की वेगवेगळं. आपल्याकडे जशी बिल हिसकावण्याची झटापट होते तिचा त्याला अर्थच कळत नाही. टीप टेबलवर ठेवायची नसते. बिल २७.६० असेल तर पैसे देताना ‘तीस’ म्हणायचं. थोडी रोकड आणि नाणी जवळ असू द्या, स्वच्छतागृहालाही लागतात. पाण्याच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात घातली की परत मिळते.

दुसरा दिवस: जड दिवस

हा दिवस मध्ये ठेवा, शेवटी नको.

सकाळी ट्रामने डोकू-त्सेन्ट्रुम थांब्यावर जा. १९३३ ते १९३८ दरवर्षी नाझी पक्षाचे मेळावे इथे भरत. पन्नास हजार माणसांसाठी आखलेलं अर्धगोल सभागृह अर्धवटच बांधून राहिलं. त्याच्या भिंतीत माहिती केंद्र आहे. गेली काही वर्षं तिथे मोठं नूतनीकरण चाललं आहे, काय उघडं आहे ते आदल्या दिवशी बघा. तळ्याकाठाने वीसेक मिनिटं चाललं की त्सेपेलिन मैदान. ज्या पायऱ्यांवर हिटलर उभा राहायचा तिथे आता गवत उगवलंय, पोरं स्केटबोर्ड खेळतात. गमतीतही हात उंचावून फोटो काढू नका, हा जर्मनीत गुन्हा आहे. बॅगेवर किंवा गळ्यात स्वस्तिक असेल तर त्या दिवशी हॉटेलातच ठेवा. कायद्याचा रोख नाझी चिन्हावर आहे, आपल्या स्वस्तिकावर नाही. पण समोरच्याला फरक कळेलच असं नाही.

दुपारी यू-१ ने बेरेनशांत्से. न्यायालयाच्या इमारतीत ६०० क्रमांकाचं सभागृह. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ नाझी नेत्यांवरचा मुख्य खटला इथे चालला. बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, तिघं निर्दोष सुटले. सभागृह अपेक्षेपेक्षा लहान आहे, लाकडी, शांत. वरच्या प्रदर्शनात हेडफोनचं प्रकरण नीट बघा. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी दुभाषे बोलत होते. आज संयुक्त राष्ट्रांत जे सहज वाटतं ते एवढ्या मोठ्या प्रमाणावर इथे उभं राहिलं.

संध्याकाळी काही ठरवू नका. नदीकाठी हेंकरश्टेग नावाचा लाकडी पूल आहे, फाशी देणाऱ्याचा. त्या भागात नुसतं फिरा.

तिसरा दिवस: आगगाडी, नाहीतर बांबेर्ग

पाऊस असेल तर रेल्वे संग्रहालय. जर्मनीतली पहिली वाफेची प्रवासी गाडी ७ डिसेंबर १८३५ ला न्यूर्नबर्गहून सहा किलोमीटरवरच्या फ्युर्टला गेली. बोरीबंदर-ठाणे गाडीच्या सतराहून जास्त वर्षं आधी. इंजिनाचं नाव आडलर, गरुड. पुढच्या वर्षी याच गाडीने पहिला माल नेला, तो बियरची दोन पिंपं. जवळच गेर्मानिशेस संग्रहालयात मार्टिन बेहाइमचा १४९२ चा पृथ्वीगोल आहे. त्यावर भारत आहे, अमेरिका नाही. सापडेपर्यंत गोलाभोवती दोन चकरा होतात.

ऊन असेल तर सरळ बांबेर्ग. नऊनंतर बायर्न-तिकीट, पाऊण-एक तास, नदीच्या मधोमध बांधलेलं नगरभवन आणि धुरकट वासाची बियर. रोथेनबुर्ग सगळे सुचवतात, पण दोनदा गाडी बदलावी लागते आणि दुपारी तिथे टूरच्या बसमधली गर्दी तुमच्या आधी पोचलेली असते.

चेक-आउट बहुधा अकराला. बॅगा रिसेप्शनवर ठेवून घेतात, त्यामुळे शेवटची सकाळ मोकळी मिळते. ती लेबकुखनसाठी ठेवा. मसाल्याच्या या केकमध्ये ‘एलिझेन’ हा प्रकार मागा. त्यात किमान २५ टक्के सुकामेवा आणि जास्तीत जास्त १० टक्के पीठ असावं असा नियमच आहे. अंडं असतं, मावशीला सांगा. पत्र्याच्या डब्यातले आठवडेच्या आठवडे टिकतात. आणि निघायचा दिवस रविवार असेल तर ते शनिवारीच घेऊन ठेवा, नाहीतर स्टेशनातल्या दुकानात जे उरलं असेल तेच न्यावं लागेल.